मागून काही येत नाही

बाबांना धक्का लागला तेव्हा मी आमच्या इमारतीच्या दारात उभी राहून सफरचंद खात होते, आणि खरं सांगायचं तर आधी मला हसूच आलं. दृश्यच तसं होतं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातून पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ, म्हणजे माझे बाबा, बाहेर येतात. रस्त्याच्या मधोमध पडलेली खिळेवाली फळी त्यांना दिसते. ते येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून ताठ उभे राहतात, एक हात उंच धरतात, आणि गाड्यांवरची नजर न काढता, वाकायचं तेवढंच वाकून, मोठ्या डौलात फळी उचलतात. आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागच्या बोळातून, चादरींच्या गाठोड्यांनी गच्च भरलेली धोबीखान्याची गाडी रांगत रांगत उलटी येते आणि गर्दीत आपण पुढच्याला जरा सरकवतो ना, तितक्याच बेतानं त्यांना सरकवते. आवाजसुद्धा झाला नाही. बाबा पडलेही असे, की जणू दमून खाली बसले. मी तोंडातला घास चावला, गिळला, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते उठत नाहीयेत.

गाडीवाला उतरून नुसता हात चोळत होता. "काका, मी आरशात बघत होतो हो! आईशप्पथ बघत होतो! तुम्ही इतके आरामात उभे होता, मला वाटलं तुम्ही मलाच हात दाखवताय!" बाबा त्याच्याकडे बघून चक्क माफीचं हसले. माझा चेहरा दिसल्यावर म्हणाले, "काही नाही भिंगरी, खांदा जरासा." मग गाडीवाल्यानं घाईघाईत मागचं दार उघडून कुठल्या तरी हॉटेलच्या स्वच्छ, इस्त्री केलेल्या चादरी काढल्या आणि एकावर एक रचून बाबांच्या डोक्याखाली सरकवल्या. भर रस्त्यात, इतक्या पांढऱ्याशुभ्र गादीवर माझे बाबा आडवे झाले होते, आणि फळी अजून त्यांच्या हातात होती. ती त्यांनी सोडलीच नव्हती.

कॉलरबोन मोडलं. डॉक्टर म्हणाले, साधं आहे, आपोआप जुळेल, हात गळ्यात बांधून ठेवा. ज्या माणसानं मी जन्मायच्या आधीपासून रविवारचे रविवार शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सगळ्यात वाईट वळणावर, टायरींच्या भिंतीमागे, हातात झेंडे घेऊन काढले, ज्याच्या अंगावर एकदा चाक उडून आलं आणि ज्यानं ते शांतपणे चुकवून नंतर उचलून मालकाला नेऊन दिलं, त्या माणसाचं हाड घरासमोर मोडलं. आणि मोडलं कशामुळे, तर शिस्तीमुळे. ट्रॅकवर झेंडेवाल्या मार्शलला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: काही तुटून पडलं तर तोंड येणाऱ्या गाड्यांकडे, हात वर, उचल आणि नीघ. पाठ कधी फिरवायची नाही. मागची काळजी करायची नाही, कारण ट्रॅकवर सगळं एकाच दिशेनं जातं. मागून काही येतच नाही. हे बाबांच्या हाडात इतकं मुरलेलं की रस्त्यात फळी दिसली आणि ते चष्मेवाले राहिलेच नाहीत. दुसरा कुणीही साधा माणूस असता तर गोंधळल्यासारखा इकडेतिकडे बघत, मान फिरवत, घाबरत घाबरत गेला असता, आणि वाचला असता.

हे मला फार नंतर सुचलं. त्या दिवशी मला एवढंच सुचत होतं, की रविवारची शर्यत आलीय आणि मी पहिल्यांदाच पहिल्या रांगेतून सुटणार आहे. मी कार्ट चालवते, ती छोटी, जमिनीला पोट घासत जाणारी, वरून उघडी गाडी. आई म्हणते, "कार्टीला शोभेल असंच वाहन मिळालंय." त्याआधी मी कशी होते हे आता कुणाला सांगून पटत नाही. वर्गात माझं नाव पुकारलं की मी ओठ हलवायचे आणि शेजारची मुलगी माझ्या वतीनं 'हजर' म्हणायची. दुकानात मला हवं ते न मिळता दुसरंच काही मिळालं तरी मी ते मुकाट्यानं घरी आणायचे. मग बाबा मला एकदा बरोबर घेऊन गेले, कुणाची तरी जुनी कार्ट रिकामी होती, मी बसले, आणि ते वळण आलं. सरळ रस्ता संपतो, डोळ्यांना भिंत दिसते, पोटात काहीतरी निसटतं, आणि पाय म्हणतो उचल, उचल, उचल. पण भिंतीमागे नारिंगी कपड्यांत बाबा उभे असतात आणि त्यांच्या हातातला झेंडा खाली असतो. झेंडा खाली म्हणजे पुढचा रस्ता मोकळा. मी पाय उचलला नाही. वळण मागे गेलं, आणि भीतीही वळणाबरोबर मागे, तिथल्या तिथे राहिली. मला तोवर वाटायचं भीती माझ्या आतच असते, दप्तरासारखी बरोबर हिंडते. ती एका जागी असते, ती जागा ओलांडता येते, हे कळल्यावर मी जी सुटले ती सुटलेच. आता मी वर्गात इतकी बोलते की भूगोलाच्या बाईंनी मला खडूचा तुकडा मारायचं तेवढं बाकी ठेवलंय. हजर? मी अशी 'हजर' म्हणते की शेजारचा वर्ग दचकतो.

म्हणून बुधवारी जेवताना बाबा जेव्हा डाव्या हातानं सूप सांडत म्हणाले, "या वेळी राहू दे," तेव्हा मला कळेचना.

"काय राहू दे?"

"रविवारचं. गाडीचं."

"तुमच्याशिवाय जायला नको म्हणताय? दुसरे मार्शल असतीलच की त्या वळणावर."

"असतील. तरी राहू दे."

"पण बाबा, ती धोबीखान्याची गाडी होती! चालत्या माणसापेक्षा हळू! तिचा आणि माझ्या शर्यतीचा काय संबंध?"

"तेच," बाबा म्हणाले.

"तेच म्हणजे काय?"

"चालत्या माणसापेक्षा हळू होती."

मी आईकडे बघितलं. आई शहराची बस चालवते. अजून निळ्या शर्टातच होती, बाह्या दुमडून, भिजवलेला पाव खात होती. घरातला कुठलाही तंटा आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण पुढे येऊ द्यायचा आणि मग हॉर्न वाजवायचा, ही तिची पद्धत.

मी तेव्हा वकिलासारखी उभी राहिले, खरंच खुर्चीवरून उठून. आणि बाबांचंच सगळं बाबांना ऐकवलं. तुम्हीच सांगितलंत ना, की ट्रॅकवरचा धोका बांधलेला असतो. सगळे एकाच दिशेला जाणारे, सगळे जागे, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. अँब्युलन्स आधीच येऊन उभी, डॉक्टर कंटाळून शब्दकोडं सोडवत बसलेले. आणि रस्त्यावर काय? एक जण फोनवर, एकाचं भांडण झालेलं, एकाची झोप झालेली नाही, आणि कुणीच मानत नाही की आपण काही धोक्याचं करतोय. माणसं जिन्यावरून पडतात, न्हाणीघरात घसरतात, बल्ब बदलताना स्टुलावरून कोसळतात. तिथे कुणी झेंडा घेऊन उभं असतं का? "तुम्हीच म्हणता, शर्यतीत माणूस मरायला घाबरतो म्हणून वाचतो. तुम्हीच!"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सगळं बरोबर आहे गं. मला वाटायचं धोका तिथे असतो, कुंपणाच्या आत. रविवारी आपण त्याला भेटायला जातो आणि संध्याकाळी फाटक लावून घरी येतो. आता तो कुठेही आहे म्हटल्यावर... जो टाळता येतो तो तरी टाळू."

"टाळायचंच असेल," आई म्हणाली, "तर मी उद्यापासून बस डेपोतच उभी करते. प्रवाशांना सांगते, बसा आत, काचेतून बघा काय दिसतं ते, आणि उतरा."

"तुझं वेगळं आहे."

"हो ना. मला जिंकल्याचा कपसुद्धा मिळत नाही."

बाबा हसले, हसताना खांदा दुखला, आणि ते उठून खिडकीपाशी जाऊन बसले. विषय संपला असं कुणी म्हणालं नाही, पण संपला होता. मी तशीच उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं तर ओठ नुसतेच हलले. मला एवढी धडकी भरली की मी लगेच, काहीतरी, काहीही मोठ्यांदा म्हणायचं म्हणून, "मीठ कुठेय?" असं ओरडले. मीठ समोरच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी जावंसं वाटलं नाही, म्हणून आईच्या बसमध्ये चढले आणि तिच्या अगदी मागच्या सीटवर बसले. लहान असताना मी तिथे बसून नुसती झोपायचे. मी कार्ट चालवायला लागल्यापासून, आणि हे मी कुणापाशी बोलले नव्हते, मला आईच्या चालवण्याची मनातून थोडी कीवच यायची. तोच रस्ता, तेच थांबे, इतकी मोठी गाडी आणि एवढासा वेग. आता मी तिच्या पायाकडे बघत राहिले. तो पाय सारखा बोलत होता. मला काही दिसायच्या आत तो ब्रेकवर गेलेला असायचा, आणि मग मी शोधायचे की का. आणि मग फुटपाथवरचा चेंडू, किंवा सायकलवरच्या माणसाची एक बाजूला झुकलेली मान, किंवा भांडत भांडत कडेला आलेली दोन माणसं दिसायची. "त्या निळ्या मोटारीचं दार उघडणार," ती एकदा पुटपुटली आणि आमची बस अलगद बाजूनं निघाली. दार उघडलं. पुढच्या थांब्यावर मी पुढे वाकून विचारलं, "तुला कसं कळलं?" "आतला माणूस शर्ट खोचत होता," आई म्हणाली. एवढंच. आणि मागे बसमध्ये कुणाला पत्ताच नाही. एक बाई पर्समध्ये किल्ली शोधतेय, कॉलेजातली दोन पोरं एकाच इअरफोनला लोंबकळतायत, एक आजोबा तोंड उघडं टाकून घोरतायत, आणि त्या घोरण्याच्या चहूबाजूंनी आई वाट काढतेय. माझ्या वळणावर निदान ते वळण आहे हे ठाऊक असतं. इथे रस्ता सरळ होता आणि दर हातभर अंतरावर एक वळण होतं. मला कंटाळा येईल असं वाटलं होतं. शेवटच्या थांब्यापर्यंत मी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. आईनं इंजिन बंद केलं आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून अर्धा मला दिला.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. सकाळी डेपोच्या फाटकातून बाहेर पडताना, दररोज. मग पहिल्या थांब्यावर एखादी बाई दारातच पिशवी अडकवते, एखादा म्हातारा पायरीवर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारायला लागतो, की विसरायला होतं."

"मग शर्यत बघायला का येत नाहीस कधी? मला वाटायचं तुला आवडत नाही."

"बघणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नसतो ना," आई म्हणाली. तिनं चहा फुंकला. "तुझे बाबा तुझ्या गाडीला नाही घाबरले, भिंगरी. दुकानासमोरच्या रस्त्याला घाबरलेत. खांदा दुखतो म्हणून दुकान उघडत नाहीत असं सांगतायत, पण पडल्यापासून त्यांनी रस्त्यावर पाय टाकलेला नाही. तुझ्या ध्यानात आलं का?"

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी माझ्याच दुःखात इतकी रंगले होते. पण ती म्हणाल्याबरोबर मला बाबा दिसले, खिडकीत बसलेले, पेपर उलगडलेला आणि नजर खाली रस्त्यावर. आणि आठवलं की डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जायचं होतं तेव्हा त्यांनी टॅक्सी अगदी दाराशी लावायला सांगितली होती, आणि मी चिडवलं होतं, काय थाट आहे! मग मी आणखी मागे गेले. एकदा ट्रॅकवरून परतताना मी विचारलं होतं, की मी वळणावर येते तेव्हा तुम्हाला काय वाटतं. बाबा म्हणाले होते, काही नाही, मी झेंडा धरतो. तेव्हा मला ते थोडं झोंबलंच होतं. इतकी मी जीव तोडून येते आणि यांना काही वाटत नाही! बसच्या काचेवर माझाच चेहरा पडला होता, गाल फुगवलेला. मला पहिल्यांदाच शंका आली की ते खरं बोलले नसावेत.

शुक्रवारी सकाळी मी दप्तर पाठीला लावून निघतच होते तेव्हा बाबा खिडकीतून म्हणाले, "अरेरे."

समोर, बंद दुकानाच्या शटरपाशी, गाणं शिकवणाऱ्या आजी उभ्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या, बाबांच्या जुन्या गिऱ्हाईक. तुटलेला चष्मा हातात होता, आणि दुकान बंद का याची पाटी वाचायला त्यांनी नाक अगदी पाटीला टेकवलं होतं. वाचता येत नसावं. मग त्या वळल्या आणि फुटपाथच्या कडेला येऊन, चेहरा किंचित वर करून, नुसत्या आवाजांवरून गाड्यांचा अंदाज घेत उभ्या राहिल्या.

"त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही गं," बाबा म्हणाले. "त्या अशाच जातील आता."

"मी जाते, थांबवते त्यांना."

"थांबवून काय करणार? चष्मा करून देणारेस?" असं म्हणत ते उठलेसुद्धा होते. खिडकीतून त्यांनी इतक्या मोठ्यानं हाक मारली की मी दचकले. "आजी! हलू नका! आलो!"

दारामागचा पांढरा कोट खांद्यावर टाकून, दुकानाची किल्ली घेऊन, ते कठडा धरून जिना उतरले. दारातून बाहेर पडलो, आणि फुटपाथच्या कडेशी ते थांबले. रस्ता नेहमीचाच होता. इथून तिथे, बाबा दिवसातून कितीदा तरी जायचे, कधी तर चप्पल न घालता, चहाचा कप हातात घेऊन. मी त्यांचा मोकळा हात धरला. 

"तू इथेच थांब," ते म्हणाले.

"मी येते ना बरोबर."

"नको. तू असलीस की मला दोघांकडे बघावं लागेल."

आणि त्यांनी हात सोडवून घेतला आणि पाय खाली ठेवला. मला वाटलं होतं ते पळतील, किंवा अर्ध्यातून माघारी येतील. ते चालले. गळ्यात बांधलेल्या हातामुळे थोडे तिरके, एका पंखाच्या पक्ष्यासारखे. मान इकडे वळली, तिकडे वळली, पुन्हा इकडे, अगदी नवशिक्या माणसासारखी, आणि कोटाच्या मागे मानेवर न कापलेले केस आले होते ते मला दिसले. एक मोटारसायकल लांबूनच हळू झाली. एक टेम्पो झाला नाही. बाबा मधोमध थांबले, टेम्पो त्यांच्या मागून आला, आणि तेवढ्यात तो माझ्या आणि त्यांच्या मध्ये होता आणि बाबा नव्हते. किती वेळ? एक श्वास. मी तो घेतला नाही. माझ्या पोटात तेच निसटलं, सरळ रस्ता संपताना निसटतं ते, पण इथे धरायला चाक नव्हतं, दाबायला काही नव्हतं, मी नुसती दप्तराचे पट्टे दोन्ही मुठींत पिळत उभी होते. आणि ही भीती ओलांडताही येत नव्हती, कारण ती जागा माझी नव्हती, त्यांची होती. ते चालतील तसतशी ती चालत होती. म्हणजे हे असतं होय. रविवारचे रविवार, माझ्या प्रत्येक फेरीला, टायरींच्या मागे उभं राहून, हे. आणि तरीही झेंडा खाली धरायचा. हात न कापू देता.

टेम्पो गेला तेव्हा बाबा पलीकडच्या फुटपाथवर होते. त्यांनी मागे वळून बघितलंही नाही. आजींना काहीतरी म्हणाले, आजी काहीतरी म्हणाल्या, मग एका बाजूनं त्यांनी आणि दुसऱ्या बाजूनं आजींनी शटर वर ढकललं. आत दिवा लागला. पांढऱ्या कोटाचं मागचं अंग दुकानात इकडून तिकडे फिरताना दिसत होतं, आणि मी हललेच नव्हते. शाळेची वेळ होऊन गेली असणार. माझ्या शेजारी एक जाडजूड बाई तोंडात केसांची पिन धरून अंबाडा बांधत रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होती.

मग बाबा दुकानाच्या दारात आले. आजींचा मोडका चष्मा त्यांच्या हातात होता. दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "भिंगरी! सकाळचं ऊन त्या सरळ रस्त्यावर अगदी डोळ्यांत येतं! रविवारसाठी हेल्मेटला गडद काच बसवून देतो! चालेल?"

बुधवारपासून मला हेच ऐकायचं होतं. मी नाचायला हवं होतं, दप्तर हवेत फेकायला हवं होतं, भूगोलाच्या बाईंना ऐकू जाईल असं ओरडायला हवं होतं. मी तोंड उघडलं. ओठ हलले. तिकडे बाबांनी कानाला हात लावला, मान पुढे काढली, आणि थांबून राहिले.

"अगं बोल की," शेजारची बाई म्हणाली. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, तोंडातली पिन काढली, आणि रस्त्यापलीकडे हाळी दिली, "चालेल म्हणतेय हो! रडतेय, पण चालेल म्हणतेय!"